तलावाचं पोट

कवडीटोला, पो. केशोरी
१२ एप्रिल २०२४

ती. परसराम आबाजींना पुष्पांजलीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझ्या आवाजाऐवजी नुसती घरघर ऐकू येते, असं रुख्मिणीआत्या म्हणाली, म्हणून पत्र लिहितेय. शाळेत मार्कांसाठी लिहिलं तेवढंच; चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुम्ही आत्याकडे चिचगडला गेल्यापासून बंद असलेल्या तुमच्या घराची किल्ली तिने मला दिली त्याला महिना झाला. परवा ओसरी सारवायला घेतली तर शेजारच्या शामकलाबाई हसत सुटल्या. म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, तुमाले नाई जमत." गावात सगळे मला मॅडमच म्हणतात. मी सांगते, माझे आजोबा इथलेच, तुमच्या परसरामचे सख्खे थोरले भाऊ. लोक मान डोलावतात आणि आतून खुर्ची आणून देतात. बाकीच्या बायका खाली बसून गप्पा मारतात आणि मी एकटी खुर्चीवर.

पुण्याची नोकरी का सोडली, असं तुम्ही आत्याजवळ विचारलंत म्हणे. पाच वर्षं मी हवामान बदलाचे आलेख काढत होते. तापमानाची रेघ दरवर्षी वर चढायची आणि मी तिचा रंग बदलायची. एकदा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, हे वाचतं कोण गं? मला एकही नाव सांगता आलं नाही. महिन्याभरात राजीनामा दिला. आता ज्या संस्थेत आहे ती जुने तलाव दुरुस्त करते. पाऊस हल्ली दोन दिवसांत कोसळतो आणि पुढचे पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. असा पाऊस धरून ठेवायला तुमच्या (खोडून 'आपल्या' केलंय, दिसेलच) पूर्वजांच्या तलावांइतकं चांगलं काही नाही. यादीत कवडीटोल्याचं नाव दिसलं आणि मी हट्टाने हाच तलाव मागून घेतला.

मेच्या दहा तारखेला गाळ काढायला मशीन येणार आहे. आमचे इंजिनीअर अश्विन म्हणतात, जितकं खोल तितकं पाणी. पण तुम्ही तीस वर्षं या तलावाचं पाणी वाटलंत. किती खोल जावं, तुम्ही सांगा.

तुमची
पुष्पांजली


चिचगड
२९ एप्रिल २०२४

चि. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर बापासारखेच आहे, म्हणजे वाचायला दोन दिवस लागले.

तलावाच्या कामाची सभा मार्चात झाली असे कळले. मला बोलावणे नव्हते. बुढ्याला ऐकू येत नाही, तो सभेत काय करेल, असे कोणी तरी म्हणाले म्हणे. बरोबर आहे. तीस वर्षे पाणी वाटले तेव्हा माझ्या कानांची कोणाला गरज पडली नव्हती, डोळ्यांची पडली होती.

किती खोल ते तुमच्या इंजिनीअरला विचारावे. मी एवढेच सांगतो, तलावाच्या पोटाला हात लावू नका. बाकी तुम्ही शिकलेली माणसे.

घराच्या मागच्या छपराच्या कवेलूंवर माकडे येतात. फटाके लावू नकोस, त्यांना आता सवय झाली आहे.

परसराम कापगते


कवडीटोला
२ सप्टेंबर २०२४

ती. आबाजींना सा. न.

आधी माफी मागते. एप्रिलनंतर एकदम आज लिहितेय. मे महिना मशीनमागे धावण्यात गेला आणि पुढचे तीन पावसात.

आबाजी, तलाव भरलाय! सलंगावरून दोनदा पाणी वाहून गेलं. पाळीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. मला आता सगळे शब्द येतात बरं का. बांधाला पाळ म्हणायचं, जादा पाणी वाहून जातं तो सलंग, आणि पाणी सोडायचं दगडी दार म्हणजे तुडूम. अश्विन अजून त्याला 'आउटलेट' म्हणतात, मी त्यांना दुरुस्त करते.

शामकलाबाईंच्या गटाने मासोळीचं बीज टाकलंय. अकरा बायका आहेत. त्यांना शेत नाही, वर्षभराची सगळी आशा या पाण्यावर. त्यांच्यासाठीच आम्ही तळाशी आणखी बारा फूट खड्डा केला, म्हणजे ऐन उन्हाळ्यातही मासे जगतील. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर भरभरून वावरात नेला. धान बघाल तर काळंभोर उठलंय.

एक गंमत सांगते. तुमचं ते वाक्य मला फार आवडलं होतं. संस्थेच्या अहवालात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'तलावाच्या पोटाला हात लावू नका. – परसराम कापगते, वय ७७.' खाली भरलेल्या तलावाचा फोटो. नागपूरच्या कार्यक्रमात एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तलावावर आईसारखी माया करणारी माणसं आता राहिली नाहीत.

अहवालाची प्रत सोबत पाठवतेय. या कामासाठीच माझा जन्म झाला असावा, असं हल्ली वाटतं. हसू नका.

तुमची
पुष्पांजली


(पोस्टकार्ड)

चिचगड
१४ सप्टेंबर २०२४

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद. छापलेले पाहिले. वय ७८ आहे.

तो बारा फुटांचा खड्डा नेमका कुठे केला? तुडुमाच्या तोंडापासून किती पावले? खाली पांढरी चिकण माती लागली होती का? ताबडतोब कळव.

परसराम


कवडीटोला
१८ डिसेंबर २०२४

ती. आबाजींना सा. न.

तुमचं कार्ड तीन महिने तुमच्याच कोनाड्यात पडून होतं. मला वाटलं, तुम्हाला सहज उत्सुकता वाटली असेल, सवडीने सविस्तर लिहू. आज कार्ड पुन्हा काढून वाचलं आणि तशीच पावलं मोजायला तलावावर गेले.

खड्डा तुडुमासमोर चाळीस पावलांवर आहे. हो, पांढरी चिकण माती लागली होती. हातभर जाड थर होता, खरवडता खरवडत नव्हता. त्याखाली मुरूम लागला तेव्हा अश्विन खूश झाले, म्हणाले, चला, आता तळ गाठला.

पाणी चाललंय आबाजी. पाळ कुठेही फुटलेली नाही, तुडूम बंद आहे, तरी रोज चार बोटं उतरतं. दिवाळीत वाटलं, ऊन जास्त आहे म्हणून असेल. शामकलाबाई रोज सकाळी तुडुमाच्या पायरीवर कोळशाने रेघ मारतात. आता पायऱ्याच संपल्या. काल त्या मला म्हणाल्या, "मॅडम, पानी खालून चाललं." मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

'पोट' हे त्या पांढऱ्या थराचं नाव आहे का? मी त्याला तुमची माया समजले होते. बाकी सगळे शब्द विचारून पाठ केले आणि हा एकच राहिला. आता काय करू ते लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल.

पुष्पांजली


कवडीटोला
२० फेब्रुवारी २०२५

ती. आबाजींना सा. न.

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. आत्याला फोन केला की म्हणते, बरे आहेत, झोपलेत. तुम्ही माझ्याशी बोलत नाही आहात, हे मला समजतं. मी तुमच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

तलाव आटला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरनंतर पहिल्यांदाच, असं उदारामकाका म्हणाले. ज्या मासोळीला उन्हाळ्यात घर म्हणून खड्डा केला, ती त्याच खड्ड्यात गोळा झाली आणि चिखलात तडफडून मेली. बोटाएवढी, विकण्याजोगीही झाली नव्हती. तीन दिवस गावात वास होता. उन्हाळी धानाची रोपं तर लावलीच नाहीत कोणी.

एवढं होऊन कोणी मला काही बोललं नाही. सरपंच म्हणाले, "तुमी त चांगलंच कराले आल्या होत्या मॅडम." पुन्हा खुर्ची दिली. मला वाटलं, मला शिवी तरी द्या रे कोणी.

ती शामकलाबाईंनी दिली. मेलेली मासोळी टोपलीत भरत होत्या. मी मदतीला खाली वाकले, तर टोपली बाजूला ओढून ओरडल्या, "हात नोको लावू! मॅडम मॅडम मनून आमी गप रायलो. तू त कापगत्यायची पोर ना वो? तुह्याच मानसाइनं बांधला ह्या तलाव, अन् तूच त्याचं पोट फोडलं? तुले घरी कोनी सांगतलं नाई? आता आमी काय खाऊन राहू वरीसभर?" मी चिखलात बसून रडले. त्याही रडल्या. आबाजी, एक लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगू? त्या रडण्यातही माझ्या मनात आलं की आज मला कोणी तरी 'तू' म्हणालं.

संस्थेला वार्षिक अहवालात कवडीटोला 'पूर्ण आणि यशस्वी' असा हवा होता. मी खरं ते लिहिलं. माझा करार मार्चअखेर संपतो, पुढे वाढवायचा नाही असं त्यांनी कळवलंय. अश्विन आधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ते वाईट नाहीत. जाताना त्यांना माझ्याकडे बघता येत नव्हतं.

मी पुण्याला परत जातेय. आलेखाच्या रेघेने निदान कोणाची मासोळी मेली नव्हती. किल्ली कोणाकडे देऊ, एवढंच कळवा.

पुष्पांजली


चिचगड
६ मार्च २०२५

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद.

अक्षर हलते आहे, सांभाळून वाच.

किल्लीचे नंतर पाहू. आधी माझे ऐक. मला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा मध्ये बोलायची तुला सोय नाही, हे बरेच आहे.

तू मला एप्रिलात सरळ विचारले होतेस, किती खोल जावे. मला सगळे माहीत होते. तुडुमापासून तीस पावलांवर पोट सुरू होते आणि ऐंशी पावलांवर संपते. तळ्याचे बाकीचे अंग आपोआप पाणी धरते, पण तेवढ्या जागेत खाली मुरूम आहे, तिथे पाणी थांबत नाही. म्हणून आपल्या लोकांनी चिकण माती आणि वारुळाची माती भिजवून तिथे तुडवून बसवली. तो मातीचा थर म्हणजे पोट. हे लिहायला मला चार ओळी लागल्या, मोजून पहा. एप्रिलात मी त्या लिहिल्या नाहीत. सभेला बोलावले नाही म्हणून मी रुसलो होतो. मनात म्हटले, विचारायला येऊ द्या, पाया पडू द्या, मग सांगू. तू विचारत होतीस आणि मी सरपंचाला उत्तर देत होतो. पाणी गेले ते एकट्या तुझ्या हातून गेले नाही.

आता पुढचे. पोट पुन्हा बसवता येते. चौऱ्याहत्तर साली आम्ही बसवले, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. वैशाखात गावातल्या प्रत्येक घराने पाय द्यायचे. पाय देणे असेच म्हणत. घरामागे पायांची एक जोडी, मग बाई असो की माणूस. पाळीवर उभे राहून एक जण घराघराचे नाव पुकारतो, ज्याचे नाव येईल त्याने 'हाव' म्हणून चिखलात उतरायचे. वीतभर थर टाकायचा, भिजवायचा, हेले (तुमच्याकडचे रेडे) फिरवायचे, मग माणसांनी तुडवायचा. टाच रुतेनाशी झाली की दुसरा थर. असे पाच. मशीन चालत नाही, तिचे वजन एका जागी पडते आणि थर फाटतो.

चांगली चिकण माती उदारामच्या बांधाजवळ आहे. त्याला सांग, परसरामने मागितली. तो नाही म्हणेल. दुसऱ्यांदा जा.

मी स्वतः येऊन जागा दाखवली असती, पण गुडघे धरले आहेत आणि केशोरीपर्यंत दोन बस बदलाव्या लागतात. आता जमणार नाही.

तुला जायचे असेल तर जा. पण मला विचारल्याशिवाय जाऊ नकोस, एवढे मात्र सांगतो.

तुझा
आबाजी


चिचगड
२ एप्रिल २०२५

चि. पुष्पास रुख्मिणीआत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आबाजींना आणायला गाडी करून येते, नुसतं खुर्चीवर पाळीवर बसवते, असं तू लिहिलंस. ते पत्र मी बाबांना वाचायला दिलं नाही.

पुष्पा, येऊ नको. बाबांचा डावा पाय डिसेंबरात काढला, गुडघ्याखालून. साखरेने चिघळला होता, आम्ही गोंदियाला नेलं तोवर उशीर झाला. तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा ते दवाखान्यात होते. मला म्हणाले, "तिले नोको सांगू. ती पानी सोडून माह्या पायाकडं पाहत बसंन." त्यामुळे फोनवर मी तुला खोटं सांगत राहिले. मार्चचं पत्र त्यांनी पाच दिवस लिहिलं, पाठीला उशा लावून.

आपलं सगळं आयुष्य त्या तळ्यात उभं राहून काढलेला माणूस आहे. पाळीवर बसून दुसऱ्यांना उतरताना पाहणं त्यांना सोसायचं नाही. तू माती मागायला जातेस हे सांगितलं तेव्हा जेवले नीट.

तुला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

आत्या


कवडीटोला
१२ मे २०२५

ती. आबाजींना सा. न.

उदारामकाका दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माती दिली आणि वर सुनावलं, "काऊन वो, तुह्या आज्याले सोता याले लाज वाटते काय?" मी माती भरायला घेतली.

बाकी बातमी फारशी चांगली नाही, खोटं लिहीत नाही. गावात चौपन्न घरं आहेत. मी प्रत्येक दारात दोनदा गेले. ज्यांच्या वावरात बोअर आहे ते म्हणाले, आमाले तलावाचं काय काम. काहींची पोरं हैदराबादला, घरात पाय म्हणावेत तर म्हाताऱ्यांचे. सरपंच म्हणाले, योजनेतून मशीन मागवू. वारूळ खणायला दोघांनी अडवलं, नागाचं घर आहे म्हणून. हेल्यांची एकच जोडी मिळाली, तीही अर्धा दिवस.

काल सकाळी पाळीवर आलो तेव्हा सोळा घरं होती. त्यातली अकरा शामकलाबाईंच्या गटाची. तुमच्या वेळी त्यांच्या घरांची नावं पुकारत नव्हते, असं शामकलाबाई म्हणाल्या. जमीनवाल्यांच्याच घरांची पुकारत. हे तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत. मग नावं त्यांनीच पुकारायची असं ठरलं. त्यांनी आधी स्वतःचं घर पुकारलं, स्वतःच 'हाव' म्हणाल्या आणि पदर खोचला.

चौपन्नही नावं घेतली त्यांनी. जे आले नव्हते त्यांच्या नावानंतर थांबायच्या, रस्त्याकडे बघायच्या आणि मग पुढचं नाव. ते ऐकवत नव्हतं. मी माझ्या मनाशी धरून चालले होते की मी मदतनीस आहे, पाणी ओतेन, थर मोजेन. करार संपलाय, गावात माझं घर नाही, माझं नाव कशाला येईल. तेवढ्यात त्यांनी पुकारलं, "परसराम कापगते." मला वाटलं, चुकून घेतलं. तुमचं घर तर गाव सोडून गेलेल्यांतच धरायला हवं होतं.

कोणी तरी मागून म्हणालं, तो बुढा चिचगडला आहे, पुढचं घ्या. शामकलाबाई जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. पुन्हा पुकारलं. मी चपला काढल्या. 'हाव' म्हणाले. मागचा तो माणूस म्हणाला, "ह्या त मॅडम होत." त्यावर शामकलाबाई म्हणाल्या, "मॅडम नाई. परसरामच्या घरचे पाय होत."

मी उतरले. दुपारपर्यंत पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. तुम्ही सांगितलंत तसं टाच रुतेनाशी होईपर्यंत तुडवलं. पण दिवसभरात अर्ध्याच पोटाचा एक थर झाला. सोळा घरांत पाच थर पाऊस येण्याआधी होणार नाहीत. तीन झाले तर खूप. तीन थरांत पाणी थांबेल का, ते तुम्ही लिहा, आणि थांबणार नसेल तर तसंही लिहा, मऊ करून लिहू नका. शामकलाबाईंच्या गटाने यंदा बीज टाकायचं नाही असं ठरवलंय. बरोबरच आहे त्यांचं. त्या उद्याही येणार आहेत.

संध्याकाळी ओसरीवर बसून पायाचा चिखल काढत होते. माझ्या पायांकडे बघत मी बराच वेळ रडले. का, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि आता मलाही ठाऊक आहे. आत्यावर रागावू नका, तिने मला तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. पण मी तुमचीच नात; एवढी चार ओळींची गोष्ट पोटात ठेवून बसायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. आपल्या दोघांच्या न लिहिण्यानं एक तलाव गेला, तेवढं पुरे.

राहिलेल्या पायाला जपा. रोज बघत जा, बोटांच्या मध्येसुद्धा.

तळ्याची काळजी आहे तशीच आहे. पण घरामागे एक जोडी लागते ना, ती आपल्या घरची भरली आहे. किल्ली पाठवत नाही.

तुमची
पुष्पा